डोरीनच्या कोंबड्या

स्कार्नबी
रविवार, ७ सप्टेंबर २००८

हेझल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच शेगडीत टाकशील, असं ऑड्री टॉयनचं म्हणणं आहे. ऑड्री आठवते ना? आपल्या गल्लीच्या टोकाला राहणारी, बदकंवाली. शाळेत माझ्या वर्गात होती आणि तेव्हापासून आजतागायत मला शहाणपण शिकवते आहे. मी म्हटलं, टाकू दे शेगडीत, तिच्या बेटावर थंडी फार असते.

माफी मागायला लिहीत नाहीये. कबरीपाशी आपलं जे बोलणं झालं ते झालं. "तीन आठवडे ती मरत होती आणि तुम्ही मला फोनवर हवामान सांगत होतात," असं तू म्हणालीस. ते खरं आहे. तू दर रविवारी फोन करायचीस आणि मी म्हणायचो, आई झोपली आहे, इकडे पाऊस आहे. पण तुला कळवायचं नाही ही तुझ्या आईचीच इच्छा होती, हे मी तेव्हाच सांगितलं आहे. पुन्हा सांगत नाही.

लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. तुझ्या आईच्या नावाने घरी सहा कोंबड्या आल्या आहेत.

ऑगस्टमध्ये फोन वाजला. एका बाईने विचारलं, "मिसेस डोरीन डॅनट आहेत का?" मी म्हटलं, नाहीत. "कधी येतील?" आता याला काय उत्तर द्यायचं? मी विचारलं, काय काम होतं? तर म्हणे, मिसेस डॅनटनी गेल्या वर्षी अर्ज केला होता, अंड्यांच्या कारखान्यांतल्या पिंजऱ्यांतून सोडवलेल्या कोंबड्या हव्यात म्हणून. यादी लांबलचक होती, आता नंबर लागला. शनिवारी सकाळी दहा वाजता भोकं पाडलेली खोकी घेऊन या.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये तुझी आई जिना चढताना तीनदा थांबत होती. तशात तिने हा अर्ज केला, आणि मला चकार शब्द बोलली नाही. एकतीस वर्षं मी त्याच पिंजऱ्यांच्या शेडमध्ये काढली, म्हणून बोलली नसेल. की मुद्दामच केला असेल? तुला ठाऊक असलं तर सांग.

फोन ठेवला तेव्हा जायचं नाही असंच ठरवलं होतं. शनिवारी पहाटे उठून खोक्यांना भोकं पाडत बसलो होतो.

तिथे तीसेक माणसं रांगेत उभी होती. माझी पाळी आली तेव्हा एका तरुण मुलीने कोंबडी माझ्या पुढे धरली आणि म्हणाली, "दोन्ही हातांनी घ्या, पंखांवरून. घट्ट नको. पहिल्यांदाच धरताय का?"

मी म्हटलं, हो.

खोटं नव्हतं ते. मी कोंबड्या धरल्या त्या पायांना, उलट्या, एका हातात चार. पंखांवरून दोन्ही हातांनी एकही नाही. तिचं अंग इतकं गरम होतं, हेझल! हे मला माहीत नव्हतं.

घरी आणून खोकी परसात उघडली तर एकही बाहेर येईना. मग मीच एकेक उचलून गवतावर ठेवली. पिसं झडून पाठी उघड्या, माना उघड्या, तुरे पांढुरके आणि एका बाजूला पडलेले. गवत पायाला लागलं की पाय वर उचलायच्या. जरा चालायच्या आणि बरोबर पिंजऱ्याएवढ्या अंतरावर वळायच्या. भिंत नव्हती तरी वळायच्या. अंधार पडायला लागला तरी खुराड्यात जायचं असतं हे त्यांना कळेना. सहा जणी कुंपणाच्या कोपऱ्यात एकमेकींवर ढीग करून बसल्या. मी एकेकीला उचलून आत ठेवलं. आठ दिवस रोज हेच चाललं आहे.

दांडीवर बसवतो तर धडपडून खाली येतात. बस, एवढंच कळवायचं होतं.

बाबा

---

स्कार्नबी
रविवार, १२ ऑक्टोबर २००८

हेझल,

तुझं कार्ड मिळालं. "त्यांना दांडीवर चढायची सक्ती करू नका. पायात जोर नाही. दांडी वीतभर उंचीवर लावा. हे." एकूण चार वाक्यं, त्यातलं शेवटचं एका अक्षराचं. मी ते खिडकीत ठेवलं आहे. ऑड्रीने न विचारता उचलून वाचलं आणि म्हणाली, "पोरगी बापावर गेलीय. शब्दाला टपाल हशील पडतं म्हणून वाचवते."

दांडी खाली आणली. परवापासून चौघी बसतात.

आता त्यांना नावं आहेत. मी क्रमांक देणार होतो. ऑड्री म्हणाली, "मॉरिस, एकतीस वर्षं मोजल्यास ना? आता जरा नाव घेऊन हाक मार." म्हणून चर्चच्या गायनवृंदातल्या बायकांची नावं दिली. सगळ्यांवर दादागिरी करते ती मेबल. सर्वांत मागे, सर्वांत उघडी, मेबलने चोच उगारली की आधीच मान खाली घालते ती पेग. दाणे टाकले की मेबल पहिली, मग बाकीच्या, मग पेग. हा क्रम त्यांनी पहिल्या दोन दिवसांत मारामाऱ्या करून ठरवला आणि आता सगळं शांत आहे. आपल्या ग्रामसभेत असं कधी झालेलं मला आठवत नाही.

पण लिहायचं आहे ते वेगळं. मंगळवारी ऊन पडलं होतं. मी खिडकीतून पाहिलं तर गुलाबाच्या वाफ्यात पेग कुशीवर पडली होती. एक पाय ताणलेला, पंख थरथरतायत, मान मातीत घासते आहे. मला वाटलं, झालं, झटका आला. मी पायात चप्पलही न घालता धावलो. ऑड्री कुंपणापलीकडून ओरडली, "हात लावू नकोस! आंघोळ करतेय ती!"

मातीत आंघोळ करतात, हेझल. उकरून खळगा करतात, पंखांनी माती अंगावर घेतात, पिसांच्या मुळाशी जाऊ देतात आणि मग उठून सगळी झटकून टाकतात. कोणी शिकवलेलं नाही. जन्मात माती पाहिली नव्हती तिने. माझे पाय गारठले तरी मी तिथेच उभा होतो, कारण मला काहीतरी आठवलं होतं.

शेडमध्ये त्या हे करायच्या. नुसत्या तारेवर. खाली माती नाही, काही नाही, तरी तारेवर बसून पंख थरथरवायच्या, मान घासायच्या. आम्ही त्याला "वळ येणं" म्हणायचो, म्हणजे आकडी. नवा माणूस कामावर आला की मीच सांगायचो, घाबरू नकोस, त्यांना वळ येते, आपोआप जाते. एकतीस वर्षं मी लोकांना हे सांगितलं! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण माझ्या तर दोन्ही काखांत कळसे होते आणि मी वळसासुद्धा घातला नाही.

तू चौदा वर्षांची असताना ताटातलं अंडं ढकलून मला म्हणालीस, "त्यांना दुखतं." आणि मी म्हणालो, तुला कोंबड्यांतलं काय कळतं.

वाफ्यातले गुलाब गेले. तुझ्या आईने लावलेले होते. ती रागावली नसती असं वाटतं.

बाबा

---

स्कार्नबी
गुरुवार, २० नोव्हेंबर २००८

हेझल,

काल वर्ष झालं. तू पाठवलेली फुलं दुकानदारीण घेऊन आली, ती मी नेऊन ठेवली. चिठ्ठीवर फक्त तुझं नाव होतं. मीही माझ्या फुलांवर नुसतं नावच लिहिलं होतं. ऑड्रीने मनुकांचा पाव आणून दिला आणि नेहमीसारखी बडबड न करता गेली, तेव्हा मला जास्तच वाईट वाटलं.

दिवसभर परसात बसलो. पेगला अंडं घालायचं होतं. अंडं घालण्याआधी त्या एक आवाज काढतात, तुला माहीत आहे का? लांबलचक, खालून वर चढत जाणारा, कण्हल्यासारखा. इकडून तिकडे फिरतात, पेटीत डोकावतात, बाहेर येतात, पुन्हा कण्हतात. जागा शोधत असतात. मग पेंढा पायांनी सारखा करून आत बसतात आणि बसल्याबरोबर गप्प होतात. त्यांना आडोसा हवा असतो, बाकी काही नाही.

तो आवाज माझ्या ओळखीचा आहे. सकाळी शेडचं दार उघडलं की हजारो जणींचा तोच आवाज यायचा. दुपारपर्यंत चालायचा. मला वाटायचं कोंबड्यांचा असाच आवाज असतो. घरी आल्यावरही कानात राहायचा आणि मी तुम्हा दोघींवर ओरडायचो, जरा गप्प बसा म्हणून. त्यांना पेटी मिळाली की त्या गप्प होतात हे मला कुठे ठाऊक होतं?

तुझ्या आईची खाट शेवटी आम्ही पुढच्या खोलीत आणली होती, रस्त्याकडच्या खिडकीपाशी. जिना तिला झेपत नव्हता. गाडीचा आवाज आला की ती मान वळवायची. नर्सची वाट पाहायची. म्हणजे मला वाटतं, नर्सचीच.

बाकी ठीक आहे. पेगला पिसं फुटली आहेत, पाठभर, तपकिरी. ओळखू येत नाही.

बाबा

---

स्कार्नबी
रविवार, १८ जानेवारी २००९

हेझल,

तुझी तीन कार्डं आली, त्यातलं एक तर पूर्ण भरलेलं. तुझ्या वर्गातल्या मुलांना पेगची गोष्ट आवडली हे वाचून मी ऑड्रीला मुद्दाम वाचून दाखवलं. "बघ," मी म्हटलं, "माझं नाव स्कॉटलंडच्या टोकापर्यंत गेलं." ती म्हणाली, "तुझं नाही, कोंबडीचं."

पण पेग आजारी आहे. आणि मला कळलं नाही, हे सांगायला लिहितो आहे.

दहा तारखेला ती पेंग्विनसारखी उभी दिसली, शेपूट खाली, डोळे मिटलेले. जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण आहे, वाघिणीलाही औषध देईल असा. तिचं पोट दाबून म्हणाला, "ही आज आजारी पडलेली नाही, मिस्टर डॅनट. आठवडा झाला असेल. कोंबडी आजार लपवते. अशक्त दिसली की बाकीच्या टोचतात, म्हणून शेवटपर्यंत दाणे टिपल्याचं नाटक करते. टिपते आणि टाकते, टिपते आणि टाकते. तुम्ही रोज बघता, पण तुम्हाला तेच दिसतं जे ती दाखवते."

मला तिला त्या पाच जणींत ठेववेना. मेबलची चोच मी पाहिली आहे. पेगला घरात आणलं. स्वयंपाकघरात शेगडीपाशी खोकं ठेवलं, पेंढा घातला, आणि परसाकडचं दार लावून घेतलं. बाकीच्यांचा आवाज आला की ती मान उचलायची, म्हणून खिडकीचा पडदाही ओढला. उगाच तिच्या जिवाला ताप नको.

रोज दोनदा चोच उघडून औषध देतो. अंड्याचा बलक भरवतो. कोंबडीला अंडं भरवतोय म्हणून ऑड्री तोंड वाकडं करते. पण ती बरी होते आहे, हेझल. काल माझ्या बुटाच्या नाडीला टोचली. आपण सेवा केली आणि कुणी बरं झालं, हे मी पहिल्यांदा पाहतो आहे.

बाबा

---

स्कार्नबी
रविवार, १५ फेब्रुवारी २००९

हेझल,

पेग गेली. आजाराने नाही.

अठरा दिवस ती घरात होती. तुरा लाल झाला होता, माझ्या ताटातून टोस्ट पळवण्याइतकी धीट झाली होती. गेल्या महिन्यातल्या शेवटच्या बुधवारी छान ऊन होतं. मी म्हटलं, चल बाई, घरी जा आपल्या. तिला उचललं, परसात नेलं आणि पाच जणींच्या मधोमध ठेवलं. मला वाटलं त्यांना आनंद होईल. हसू नकोस, मला खरंच तसं वाटलं होतं.

पाचही जणी थांबल्या. मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं. पेग धावत त्यांच्याकडे गेली. ओळखून गेली गं ती, तिने त्यांना ओळखलं होतं! आणि मेबलने पहिली चोच तुऱ्यावर मारली. मग सगळ्यांनी. मी धावलो, पण माझी धाव ती किती. फावडं आपटलं, ओरडलो. मी तिला बाहेर काढेपर्यंत तिची मान रक्तबंबाळ झाली होती आणि एक डोळा गेला होता. दोन दिवस खोक्यात होती. औषध घेईना.

ऑड्री आली. तिला मी एवढी चिडलेली कधी पाहिली नव्हती. "अठरा दिवस? आणि दार लावून? अरे मूर्खा, दार लावायचं नसतं, जाळी लावायची असते! आजारी कोंबडी जाळीच्या आड ठेवायची. टोचता येऊ नये, पण दिसली पाहिजे. तिला त्या दिसल्या पाहिजेत, त्यांना ती दिसली पाहिजे. दोन आठवडे दिसली नाही की ती त्यांच्या लेखी मेली. मग परत आली तरी ती परकीच. हे लहान पोरालाही कळतं, मॉरिस!"

मी म्हटलं, मला तिला त्रास होऊ द्यायचा नव्हता.

"त्रास तुला बघवत नव्हता," ऑड्री म्हणाली. "दार तू स्वतःसाठी लावलंस."

मग माझा हात धरून म्हणाली, "कोंबडीबद्दल बोलतेय मी." पण आम्ही दोघेही कोंबडीबद्दल बोलत नव्हतो. डोरीनच्या शेवटच्या दिवसांत ऑड्री रोज येत होती.

पेगला गुलाबाच्या वाफ्यात पुरलं, जिथे तिने पहिली आंघोळ केली होती तिथे. मेबल आणि बाकीच्या मजेत चरतायत. त्यांच्यावर राग धरावा तर कसा धरायचा, त्यांना काही माहीतच नाही.

बाबा

---

स्कार्नबी
रविवार, १५ मार्च २००९

माझी हेझल,

तुझं पत्र आलं. कार्ड नाही, पत्र. दोन पानं, दोन्ही बाजूंनी. मी ते उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. ईस्टरच्या सुट्टीत येतेस असं लिहिलं आहेस, गुरुवारी बोटीने निघून शुक्रवारी पोचशील. तुझ्या खोलीतली खाट मी उन्हात घातली. ऑड्रीने गावभर सांगितलं.

आणि तू लिहिलंस: "पेगचं वाचून मी रडले. तुम्ही तिला वाचवायलाच दार लावलंत. मला कळतंय, बाबा, आईच्या वेळीही तुम्ही फक्त तिचं ऐकलंत. वर्षभर मी तुमच्यावर चिडले, पण तुमचा काय दोष? तिनेच मला नको म्हटलं. शेवटी तिला मी नको होते. तिच्यावरचा राग मात्र मला आवरत नाही. तिच्या कबरीवर मी येणार नाही, फक्त तुम्हाला भेटायला येईन."

हे वाक्य मी तीन दिवस सोबत घेऊन फिरतो आहे. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. मी दीड वर्ष झाकून बसलो आहे.

हेझल, तिने नको म्हटलं नाही. तिने तुला बोलावलं. पहिल्या दिवसापासून बोलावलं. ज्या दिवशी तिची खाट खाली आणली त्या दिवशी तिचं पहिलं वाक्य होतं, "हेझलला फोन कर." मी म्हटलं, केला. दुसऱ्या दिवशी विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, शाळेतून सुट्टी मिळायची आहे, मिळाली की निघते. पुढे म्हटलं, बोटी बंद आहेत, वादळ आहे. तुझ्याकडून मी तिला वादळ सांगितलं आणि तिच्याकडून तुला पाऊस.

तुझा रविवारचा फोन वाजला की मी आधी पुढच्या खोलीचं दार लावायचो आणि मग फोन उचलायचो. ती झोपलेली नसायची. दार उघडलं की विचारायची, "कोण होतं?" मी सांगायचो, ऑड्री.

ऑड्रीने मला सांगितलं होतं, मुलीला बोलाव, नाहीतर मी बोलावते. मी तिला म्हटलं, डोरीनचीच इच्छा नाही, आणि ती आली की स्वयंपाकघरातूनच परत पाठवायचो, डोरीन झोपली आहे म्हणून. तिने त्याच्यावर विश्वास ठेवला. गेल्या महिन्यापर्यंत ठेवला होता.

का केलं? दोन कारणं आहेत आणि दोन्ही माझ्यासाठीच आहेत. एक म्हणजे, तू इतक्या लांबून आली असतीस तर ती जाणार हे नक्की झालं असतं. तू येत नाहीस तोवर ती नुसती आजारी होती. दुसरं कारण त्याहून वाईट आहे. त्याच्या आदल्या ख्रिसमसला तू मला अंगणात म्हणाली होतीस, "तुमच्या शेडची धूळ आईच्या छातीत गेलीय. तीस वर्षं तुमचे कपडे तिने धुतले." डॉक्टर असं काही म्हणाला नाही. मी त्याला विचारलंही नाही. मला भीती होती की तू येऊन तिच्यासमोर ते बोलशील, आणि ती माझ्याकडे बघेल. बस, एवढंच. तिने शेवटी माझ्याकडे तसं बघू नये म्हणून मी तुमच्या दोघींमध्ये दार लावलं.

आणि मग कबरीपाशी तू विचारलंस तेव्हा सगळा दोष मेलेल्या बाईवर टाकला. तिला काही बोलता येणार नव्हतं ना.

हे लिहिलं नसतं तर तू शुक्रवारी आली असतीस. माझ्या हातचा चहा घेतला असतास, मेबलला दाणे टाकले असतेस, आणि तिच्या कबरीवर न जाता परत गेली असतीस. मला ते फार हवं होतं. लिहून तुला सांगतो, फार हवं होतं. गुरुवारपासून तीनदा ठरवलं की काही लिहायचं नाही. पण आईला तू नको होतीस असं मनात धरून तू म्हातारी होशील, हे मला सोसवणार नाही.

आता तुला जे करायचं ते कर. खाट तशीच ठेवतो.

तुझा बाबा

---

स्कार्नबी
गुरुवार, १६ एप्रिल २००९

हेझल,

शुक्रवारी मी स्टेशनवर गेलो होतो. दोन्ही गाड्या पाहिल्या. शनिवारीही गेलो, उगाचच. रविवारी ऑड्रीकडे जेवलो, ती एकही टोमणा न मारता वाढत होती.

आज तुझं कार्ड आलं. बाबा असं वर लिहिलेलं नाही. नावही नाही. फक्त: "ती नेमकं काय म्हणायची? शब्द न् शब्द लिहा. काही गाळू नका, काही घालू नका."

लिहितो.

बुधवारी, सात तारखेला, म्हणाली, "हेझल निघाली का?"

शुक्रवारी म्हणाली, "तिच्या खोलीत जाड रजई घाल. तिला सांग, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जप, ती हलते." मी पायरी अजून दुरुस्त केलेली नाही.

रविवारी, तुझ्या फोननंतर, म्हणाली, "ऑड्री हल्ली रविवारी फार फोन करते." आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला आता वाटतं, तिला माहीत होतं. तेव्हा वाटलं नव्हतं.

सोमवारी म्हणाली, "मी सहा कोंबड्यांसाठी नाव घातलंय, मॉरिस. रागावू नकोस. हेझलला तुझ्याशी बोलायला काहीतरी असेल." हे मी तुला पहिल्या पत्रात विचारलं होतं, अर्ज मुद्दाम केला असेल का म्हणून. मला उत्तर ठाऊक होतं. आणि फोन आला तेव्हाही मला आश्चर्य वाटलं नव्हतं. मला चकार शब्द बोलली नाही, असं लिहिलं होतं मी. तेही खोटं.

त्यानंतरच्या सात दिवसांत रस्त्याने गाडी गेली की म्हणायची, "ती बघ." दिवसातून कितीदा ते मोजलेलं नाही. नर्सची वाट ती कधीच पाहत नव्हती.

शेवटच्या दुपारी तिचा हात माझ्या हातात होता. श्वास तुटत होता, शब्द एकेक येत होते. म्हणाली, "मला झोप लागतेय. ती आली की उठव. झोपले असले तरी उठव."

मी म्हटलं, उठवतो.